नावांच्या आधीचा सूर्य

सिनेमा सुरू होताना, माणसांची नावं यायच्याही आधी, पडद्यावर काहीतरी एक येऊन जातं. दिवा म्हणा, फूल म्हणा, फिरणारं चाक म्हणा. ज्या कंपनीने सिनेमा काढला तिची ती खूण. मी सिनेमे कमी नाही पाहिले. डहाणूला जाऊन पाहिले, गणपतीत पडदा लावायचे तेव्हा वाळूत बसून पाहिले, आता नातसून मोबाईलवर लावून देते तेही पाहते. पण ती खूण कधी लक्ष देऊन पाहिली असेल तर शपथ. तेवढ्या वेळात आपण मांडी नीट घालतो, शेजारणीला म्हणतो जरा सरक. ती खूणसुद्धा बघायची असते हे मला लुझने शिकवलं. आणि त्या एवढ्याशा खुणेपायी तिचा जीव कसा टांगणीला लागला ते मी भिंतीपलीकडून बघत होते, म्हणून हे लिहायला बसले.

लुझ म्हणजे आमच्या शेजारच्या जमनायची थोरली सून. नरपडला आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागतो. जमनायचे दोन मुलगे. धाकटा धर्मा घरची होडी चालवतो. थोरला किसन मालवाहू जहाजावर कामाला, वर्षातले आठ-नऊ महिने कुठल्या पाण्यात असतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या जहाजांवर फिलिपिन्सची माणसं फार. त्यातल्या एका दोस्ताच्या घरी हा मनिलाला राहायला गेला, आणि दोस्ताच्या बहिणीशी लग्न करून तिला घेऊन आला.

आली त्या दिवशी सगळी आळी दारात. तिला आमचं बोलणं कळेना, आम्हाला तिचं. जमनायचा चेहरा उतरलेला. काहीतरी द्यायचं म्हणून तिने वाडीतला चिकू कापून पुढे केला. पोरीने फोड उचलली आणि म्हणाली, "चिको."

तिच्या गावीही चिकू होतो आणि त्याला म्हणतातही तेच. पण जमनाय माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ गो भागी, पोरीला मराठी येतं." पुढची दोन वर्षं त्या एका शब्दावर तिने लोकांना गप्प केलं.

मग लुझ वाकून जमनायच्या पाया पडेल असं सगळ्यांना वाटलं. तिने काय केलं, तर सासूचा हात धरला आणि उचलून आपल्या कपाळाला लावला. तिकडे मोठ्यांना तसाच नमस्कार करतात. जमनायने हात असा ओढून घेतला की बांगडी वाढली. नंतर मला म्हणते, "मला वाटलं चावते."

बोट दाखवणं तिच्यात नाहीच. ओठांचा चंबू करायचा आणि जिकडे दाखवायचं तिकडे तोंड करायचं. मीठ कुठाय, विचारलं की चंबू फळीकडे. आम्ही दोघी सुकट, बोंबील घेऊन तलासरीच्या, कधी उधव्याच्या बाजाराला जायचो. तिथे एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने बोंबलाचा ढीग कितीला ते विचारलं, तर हिने ओठांनीच दाखवलं, तो नाही, हा स्वस्त. म्हातारा ढीग सोडून तिच्याकडेच बघत राहिला. त्याची बायको मागेच उभी होती. "चल गं," मी म्हटलं, "आता टोपली उचल, नाहीतर आज आपलंच लोणचं." उधव्याला तिला सगळे नेपाळीण म्हणायचे. ती नाही म्हणायची नाही. "मावशी," म्हणायची, "किती लोकाला सांगू? नेपाळ तर नेपाळ. तिकडे पण आई-बाप असतोच."

तो आणि ती यांचा तिने अजूनही मेळ घातलेला नाही. सासूला सरळ "तो" म्हणायची. "मावशी, तो झोपलाय, हळू बोल." जमनाय आतून ओरडायची, "तो जागाच आहे."

एकदा तर जमनाय माझ्याकडे डोळ्यांत पाणी घेऊन आली. सून चोरून ताडी पिते म्हणाली. मी गेले, मोरीजवळ खरंच बरण्या, वास सगळीकडे. लुझने ताडी विकत घेऊन आंबट व्हायला ठेवली होती. त्या आंबटात लसूण-मिरची टाकून ती सुक्या मासळीला लावून भाताबरोबर खाते, तिच्या माहेरची चव ती. जमनायने बोट बुडवून चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि त्या दिवसापासून ती बरणी निम्मी जमनायच संपवते. मूलबाळ झालं नाही म्हणून गावातल्या बाया बोलायच्या, जमनायही कधी कधी टोचायची. पण दुसऱ्या कुणी टोचलं तर ती अंगावर जायची. तो हक्क तिने स्वतःपुरता ठेवला होता.

आता त्या खुणेचं सांगते.

एका दुपारी वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत अडकवत होतो. लुझ म्हणाली, "मावशी, हात पूस. बघ." आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. काळा पडदा. चारी बाजूंनी पांढऱ्या बारीक रेघा आत आल्या, जाळं ओढून घेतात तशा. रेघांचं चाक झालं, ते फिरलं. चाकाच्या मधून सूर्य वर आला. पितळेच्या थाळीवर कुणी मारावं तसा घण्ण आवाज, खाली अक्षरं उमटली, आणि संपलं.

मी म्हटलं, "आणि सिनेमा?"

"सिनेमा नको. झाला." ती हसली. "हे माझा बाबा काढलाय."

तिकडच्या सरकारने म्हणे एकेकाळी स्वतःची सिनेमा कंपनी काढली होती, आणि तिचा बाप तिथे चित्रकार. आज आपण म्हणतो कॉम्प्युटरवर केलं असेल. तेव्हा तसलं काही नव्हतं. बाप रात्रीचं जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडायचा. एका कागदावर सूर्य, पुढच्यावर तोच सूर्य केसभर वर, त्याच्या पुढच्यावर आणखी केसभर. ही लहान. शाई वाळावी म्हणून पुठ्ठ्याने वारा घालायचं काम हिचं. पुढे सरकार बदललं, कंपनीला टाळं लागलं. बापाने उरलेलं आयुष्य गाड्या रंगवल्या. तिकडे लांब जीपगाड्यांतून माणसं नेतात आणि त्या लग्नातल्या घोड्यासारख्या सजवतात. लुझच्या हातात ब्रश आला तो तिथून.

"सिनेमात सगळ्याचं नाव येतं," ती म्हणाली. "कपडा शिवला त्याचं नाव. चहा दिला त्याचं पण. बाबाचं काम नावांच्या आधी संपतं. मग त्याचं नाव कुठे येणार?"

जमनाय उंबऱ्यात मासळी निवडत होती. "एवढ्याशासाठी तिकडचं सरकार पगार देतं? आमच्याकडे नाव रंगवणारा अर्ध्या दिवसात अख्खी होडी करतो, वर चहा पण मागत नाही." पण बोलून झाल्यावर हात पुसत आली आणि म्हणाली, "लाव परत. मी नीट नाही बघितलं."

मग आला तो सगळं बंद होण्याचा काळ. विमानं बंद, गाड्या बंद, किसन कुठल्याशा बंदरात अडकून पडलेला. तेव्हाच मनिलाला लुझचा बाप गेला. आम्ही सगळ्यांनी त्याला मोबाईलवर पोचवलं. जमनाय तिच्या शेजारी बसून होती. चित्र मधेच अडकायचं, बाप अर्धाच दिसायचा. जमनाय म्हणायची, "थांब बाय, येईल, येईल."

त्यानंतर लुझची रीत पडली. सकाळी उठायची, तोंड धुवायची आणि ती खूण लावायची. एकदाच. मग कामाला. घरात मोबाईल चार्ज करायचं बटण देव्हाऱ्याच्या शेजारी, म्हणून मोबाईल तिथेच असायचा. जमनाय दिवा लावायला आली की ही उभी. दोघींचं एकाच वेळी उरकायचं. घण्ण झालं की मला इकडे भिंतीतून कळायचं की आता चहा होईल.

आणि एक दिवस घण्ण झालंच नाही.

लुझ माझ्या दारात. मोबाईलवर करडा चौकोन, त्यावर लिहिलेलं की हा व्हिडिओ आता मिळणार नाही. तिला वाटलं नेटवर्क नाही. किनाऱ्यावरच्या बांधावर चढून बघितलं. मग आम्ही दोघी रिक्षाने मसोलीला मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. "काकी, कुणीतरी शौकीन माणूस जुन्या सिनेमांच्या सुरुवाती टाकत होता. त्याने सगळंच बंद केलं. तुम्ही उतरवून का नाही ठेवलं?"

लुझने त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. मीच म्हटलं, "अरे, घरात रोज दिसणाऱ्या माणसाचा फोटो कुणी काढून ठेवतो का?"

तिने भावाला फोन केले. भावाकडे नाही. त्या कंपनीचे सिनेमे कुणाकडे कॅसेटवर होते, त्यांना बुरशी. कंपनीच्या जागी आता दुसरं काहीतरी. मूळ फिती असल्या तर कुठल्यातरी गोदामात, पण कुठल्या ते सांगणारा कुणी नाही.

तेव्हापासून ती काढायला लागली. कोळशाने ओट्यावर, कॅलेंडरच्या पाठीवर, तांदळाच्या पिठाने अंगणात. रोज काढायची आणि रोज पायाने पुसायची. मला म्हणाली, "मावशी, रोज वेगळा येतो. तू किती वेळा बघितलास. सांग, चाक उजवीकडे फिरतो का डावीकडे?"

मी म्हटलं, उजवीकडे. जमनाय म्हणाली, "डावीकडे, जात्यासारखं." धर्मा जेवत होता, तो म्हणाला, "वहिनी, ते चाक फिरत कुठे होतं? सूर्यच फिरत होता." त्या घरात ती खूण आम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. तिघांची तीन तोंडं.

लुझ उठली. भाताचं भांडं उचलून आत गेली. ती जेवेनाशी झाली ते तेव्हापासून. बाप दुसऱ्यांदा जातोय आणि यावेळी आपल्याच हातून, असं काहीसं ती तिच्या भाषेत फोनवर भावाला सांगायची. भाषा मला कळत नव्हती, पण ते कळायचं.

मासेमारीच्या बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात. ताडपत्री बांधून, डागडुजी करून रंग देतात, म्हणजे नारळी पौर्णिमेला पाण्यात घालायला तयार. आमच्याकडे होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, घरातून गेलेल्या थोर माणसाचं नाव घालायची पद्धत. जमनायच्या होडीवर तिच्या नवऱ्याचं नाव. रंगाचे डबे आले तसं लुझने विचारलं, एका बाजूला बाबाची खूण काढू का?

"सासरच्या होडीवर माहेरचा बाप?" जमनाय म्हणाली. "भागी, तू सांग, कुणी ऐकलंय?"

मी नव्हतं ऐकलं. पुढचे काही दिवस त्या घरात भांड्यांचेच आवाज. मग एका सकाळी जमनाय अंगणात उभी राहून सून पीठ पुसते ते बघत होती. बघता बघता म्हणाली, "उजवी बाजू माझ्या नवऱ्याची. डावी तुझ्या बापाची. पण नारळ एकच फुटेल, दोन नाही आणणार मी."

लुझने ताडपत्रीखाली बसून ती नाळ रंगवली. बापाच्या हातची पोर ती. ब्रश कसा धरावा ते बघायला गावातली माणसं छत्री घेऊन यायची. काळ्यावर पांढऱ्या रेघा, चाक, सूर्य. आणि सूर्याखाली अक्षरं, कारण बापाने अक्षरं काढली होती.

धर्माने विचारलं, "काय लिहिलंय, वहिनी?"

"कंपनीचा नाव."

"आणि त्याच्या खाली बारीक?"

"सरकारचा नाव. तिकडचा."

"लिही, लिही. सरकारचं नाव असलं तर बरंच. कुणी अडवणार नाही."

होडी पाण्यात गेली. लुझचा रंग परत आला. रोज होडी किनाऱ्याला लागायची वेळ झाली की ती पुळणीवर जाऊन उभी. डाव्या बाजूला.

दिवाळीच्या थोडं आधी धर्माची होडी उंबरगावच्या बाजूला गेली असताना गस्तीच्या बोटीने थांबवली. आमच्या ह्या पट्ट्यात पलीकडे गुजरात, पुढे आणखी कुठलं पाणी. तपासणी कडक असते, असायलाच हवी. नंबर बरोबर, माणसांची ओळखपत्रं बरोबर. पण नाळेवर परक्या देशाच्या सरकारचं नाव. साहेबाने विचारलं, "ये कौन सी गवर्मेंट का है?"

धर्मा बोलून गेला, "साहेब, भाभी के बाप का."

ही गोष्ट आज आम्ही हसत सांगतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. होडी बंदरात उभी केली, फोन झाले, एकेकाला वेगळं बसवून विचारलं. सुटका झाली तोवर बर्फ वितळून पापलेट मऊ पडलेलं. अक्षरं पुसायची, एवढी एकच अट घालून सोडलं. इकडे किनाऱ्यावर होडी येईना म्हणून बायका उभ्या. लुझ बाजूला, एकटी. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

धर्मा उतरला आणि आईला म्हणाला, "मासळी गेली." जमनायने त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवला, माणूस पुरता आहे ना ते बघितलं. सुनेला एक शब्द बोलली नाही. मला वाटतं बोलली असती तर लुझला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधी धर्मा निळ्या रंगाचा डबा घेऊन आला. "वहिनी, अक्षरं तेवढी घे. सूर्य राहू दे. साहेबाने सूर्याला काही नाही म्हटलं."

लुझने अक्षरं पुसली. मग ब्रश पुन्हा बुडवला आणि सूर्यावर फिरवला.

"अगं, अगं," जमनाय पुढे झाली. जिने नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं तीच. "तो का पुसतेस? माझ्या होडीवरचा आहे तो. आता गावाला सवय झाली."

लुझने हात थांबवला नाही. "हा चुकलाय, आई. तेव्हा मला कळला नाही. मी रोज हाच बघितला. आता डोळे मिटला तरी हाच येतो. बाबाचा येत नाही." थोडं थांबून म्हणाली, "हा ठेवला तर बाबाचा कधीच येणार नाही."

धर्मा मान खाली घालून दोर गुंडाळायला लागला. जमनायने डब्यात डोकावून बघितलं. म्हणाली, "मग नीट पूस. एका हाताने खालचं दिसत राहतं. दोन हात दे."

दिवाळी झाली आणि लुझ मनिलाला गेली. किसनने तिकीट काढून दिलं. आईला भेटते म्हणाली, आणि ते गोदाम शोधते. तिथून तिचा फोन येतो. एका जागी गंजलेले डबे दाखवले म्हणे, उघडले तर आंबट वास, आतली फीत एकमेकीला चिकटलेली. आणखी एका जागी जायचं आहे. जमनाय फोन हातात घेऊन विचारते, "मिळालं का?" परत कधी येतेस, हे ती विचारत नाही. मला म्हणते, "मिळालं तर येईल. नाही मिळालं तर कशाला येईल?" मग म्हणते, "नाही मिळालं तरी येईल." दिवसातून दोन्ही म्हणते. मोरीजवळची बरणी तिने अजून हलवलेली नाही. ताडी किती दिवस आंबवायची ते आम्हा दोघींनाही माहीत नाही.

स्टेशनवर सोडायला मी गेले नव्हते, माझे गुडघे धरले होते. म्हणून मला ती दिसते ती त्या भरतीच्या सकाळची. दोन हात देऊन झाले होते. नाळेची डावी बाजू कोरी निळी, ओली, ऊन त्यावर चकाकत होतं. पाणी होडीच्या तळाला लागलेलं, धर्माची माणसं बाजूला खांदे लावून उभी. भरती कुणासाठी थांबत नाही, ओहोटी लागली की मग होडी ढकलून नेणं जड. लुझ त्या निळ्यासमोर डोळे मिटून उभी होती. तिचं एक बोट हवेत हळूहळू फिरत होतं. उजवीकडे फिरलं. थांबलं. मग डावीकडे थोडं फिरलं आणि पुन्हा थांबलं.

एकाने विचारलं, "ढकलायची का, आय?"

जमनायने त्याच्याकडे न बघता हात वर केला. "थांबा जरा."

आणि पाणी गुडघ्याला लागेपर्यंत ते सगळे तसेच उभे राहिले.